आंदर मावळ आणि इंग्रजी कादंबरीची पार्श्वभूमी

पुणे-मुंबई लोहमार्गावरील कान्हे या लहानशा स्थानकाच्या उत्तरेस डोंगरांच्या दोन ओळींमधून एक खोरे आत वळलेले आहे. आंद्रा नदीचे हे खोरे म्हणजे आंदर मावळ. दक्षिणेस पवन मावळ, मध्ये नाणे मावळ आणि उत्तरेस आंदर मावळ ही मावळ तालुक्याची जुनी विभागणी अद्यापही लोकांच्या तोंडी आहे. टाकवे हे खोऱ्याच्या तोंडाजवळचे मोठे गाव. पश्चिमेच्या टोकास कुसूर, आणि तेथून कोकणात भिवपुरीकडे उतरणारा कुसूरचा घाट. भात, नाचणी आणि वरी ही येथली पिके. पावसाळ्यात खोरे पाण्याने भरून जाते आणि उन्हाळ्यात त्याच खोऱ्यातील वाड्यांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. शिवचरित्राच्या वाचकास 'बारा मावळ' या शब्दामुळे हा प्रदेश परिचयाचा असतो. इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासकास मात्र त्याची आठवण ठेवण्याचे काही कारण आहे, असे सकृद्दर्शनी वाटत नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात इंग्रजी कादंबरी शिकविताना 'सामाजिक व राजकीय पार्श्वभूमी' असे एक प्रकरण आरंभी ठरलेले असते. त्यात औद्योगिक क्रांती येते, १८३२ चा सुधारणा कायदा येतो, लोहमार्गांच्या समभागांचे वेड येते आणि शेवटच्या एखाद्या परिच्छेदात हिंदुस्थानही येतो. नाटकाच्या मागे रंगविलेला पडदा सोडावा त्याप्रमाणे ही पार्श्वभूमी सोडली जाते आणि मग पात्रे रंगभूमीवर येऊन बोलू लागतात. या पद्धतीत एक गोष्ट निसटते. कादंबरीतील पात्रे ज्या उत्पन्नावर जगतात, ज्या सैन्यात नोकरी करतात, ज्या कापसावर त्यांच्या गिरण्या चालतात, त्यांचे दुसरे टोक इंग्लंडात नव्हते. ते अनेक ठिकाणी होते, आणि त्यांपैकी एक ठिकाण मावळ हे होय. मावळच्या बाजूने पाहिले असता कादंबरीत जे गृहीत धरलेले असते त्याचा हिशेब लागतो.

एडवर्ड सैद यांच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कल्चर अँड इम्पीरिअॅलिझम' या ग्रंथाने या प्रश्नाला मोठी चालना दिली, हे मान्य केले पाहिजे. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क'मधील बर्ट्रम कुटुंबाच्या वैभवाचा अँटिग्वा बेटावरील मळ्यांशी असलेला संबंध त्यांनी दाखवून दिल्यापासून तशाच धर्तीची पुष्कळ विवेचने झाली. परंतु या पद्धतीचे अनुकरण करणाऱ्यांच्या हाती बहुधा एकच निष्कर्ष लागतो. कोणतीही कादंबरी उघडावी, तिच्यात एखादी काश्मिरी शाल किंवा चहाची पेटी शोधावी, आणि साम्राज्य सापडले असे जाहीर करावे, एवढ्याने इतिहासाचे काम होत नाही. शाल कोणी विणली, तिचे मोल कोणाच्या पदरी पडले आणि ती विकत घेणाऱ्याचा पैसा कोठून आला, हे सांगणारी कागदपत्रे कादंबरीच्या बाहेर असतात. स्थानिक इतिहासाचा उपयोग येथे होतो.

पहिला प्रसंग इ. स. १७७९ चा. राघोबादादांस पुण्याच्या कारभारात पुन्हा बसवावे या हेतूने नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली. तिच्यात सुमारे ३,९०० माणसे होती आणि सामान वाहण्यासाठी १९,००० च्या आसपास बैल होते. या एका आकड्यावरूनच फौजेच्या चालीचा वेग ध्यानात यावा. घाट चढून ती खंडाळ्यास आली आणि तेथून रोज जेमतेम एखाददुसरा मैल पुढे सरकू लागली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यानजीक कॅप्टन स्ट्युअर्ट हा तिच्यातील धडाडीचा अधिकारी पडला. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोचली, तेव्हा मराठ्यांनी ते गाव जाळून रिकामे केलेले होते. गरज पडल्यास चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळण्याची तयारी होती. धान्य नाही, वैरण नाही, अशा स्थितीत ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात लोटून इंग्रज मागे फिरले आणि वडगावास कोंडले गेले. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तेथे जो तह झाला त्यात साष्टीसह नव्याने घेतलेला मुलूख परत देण्याचे आणि राघोबादादांचा पक्ष सोडण्याचे इंग्रजांनी कबूल केले. फार्मर आणि लेफ्टनंट स्ट्युअर्ट हे दोघे ओलीस राहिले. वडगाव हे आंदर मावळाच्या दाराशी आहे. बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने हा तह धुडकावून लावला, युद्ध पुढे चालू ठेवले आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने ते मिटले.

हेस्टिंग्जचे नाव इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात अनपेक्षित रीतीने येते. जेन ऑस्टिनची आत्या फिलाडेल्फिया ही विवाहासाठी हिंदुस्थानात आली होती. तिचा पती टायसो सॉल हँकॉक हा कंपनीचा शल्यवैद्य आणि हेस्टिंग्जचा व्यापारातील भागीदार. त्यांची कन्या एलिझा ही हेस्टिंग्जची धर्मकन्या, आणि तिच्यासाठी हेस्टिंग्जने दहा हजार पौंडांची रक्कम विश्वस्तांच्या हाती ठेवली. ही रक्कम १७७५ पर्यंत, म्हणजे वडगावच्या चार वर्षे आधी, पुरी झालेली होती. एलिझाचा पहिला पती फ्रेंच राज्यक्रांतीत वधस्तंभावर गेल्यावर १७९७ साली तिने जेनचा भाऊ हेन्री ऑस्टिन याच्याशी विवाह केला. अर्थात ऑस्टिन कुटुंबास हिंदुस्थान हा केवळ ऐकीव देश नव्हता. तो त्यांच्या घरच्या हिशेबाच्या वहीत होता.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१८११) या कादंबरीतील कर्नल ब्रँडन हा पूर्वेकडील नोकरी करून परतलेला मनुष्य आहे. विलोबी त्याच्या गप्पांची नबाब, मोहरा आणि पालख्या असे शब्द घालून थट्टा करतो. अल्लड मेरिअॅन त्याच्या फ्लॅनेलच्या बंडीला हसते. ब्रँडनने तेथे नेमके काय केले, हे लेखिका सांगत नाही आणि वाचकही विचारीत नाही. हिंदुस्थान म्हणजे जेथून माणूस काहीसा गंभीर आणि बराचसा प्रौढ होऊन परततो, असा एक दूरचा प्रदेश. या प्रदेशात वडगावसारख्या प्रसंगाला जागा नाही. इंग्रजी कादंबरीत हिंदुस्थानात संपत्ती मिळते, ताप येतो, क्वचित मृत्यूही येतो, पण फौज बैलांसह चिखलात अडकून शरण जात नाही. ऑस्टिनवर हा दोषारोप नव्हे. तिने आपल्या कलेची मर्यादा जाणूनबुजून आखून घेतली होती. परंतु वाचकाने ती मर्यादा म्हणजेच जगाची मर्यादा समजू नये.

मावळातील लोकांची स्मृती याच प्रसंगाविषयी अगदी वेगळ्या रीतीने वागली. पडलेल्या शत्रूला त्यांनी 'इष्टुर फाकडा' असे नाव दिले. फाकडा म्हणजे देखणा, बेधडक, तडफदार. मराठी फौजेतील शूरांस मिळणारी ही पदवी एका इंग्रज कॅप्टनास मिळाली आणि वडगावातील त्याच्या थडग्यास लोक मानू लागले. जेम्स ग्रँट डफ याने आपल्या इतिहासात या नावाची आवर्जून नोंद केली आहे. शत्रूला आपल्या भाषेत नाव देऊन त्याला आपल्या आठवणीत घेणे, ही गोष्ट साधी दिसली तरी पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ग्रँट डफचा 'हिस्टरी ऑफ द मऱ्हाटाज' हा ग्रंथ १८२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 'पांडुरंग हरी' ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. तिचा लेखक विल्यम ब्राऊन हॉकली हा मुंबई इलाख्यातील कंपनीचा मुलकी अधिकारी होता. एका हिंदूच्या आत्मचरित्राचे हस्तलिखित हाती आले, अशी बतावणी करून त्याने पेशवाईच्या अखेरच्या काळातील शिंदे-होळकरांच्या छावण्या, पेंढारी, बैरागी आणि लबाड कारकून यांचे चित्र नायकाच्याच तोंडून रंगविले आहे. ग्रँट डफने साताऱ्यास राहून कागद जमविले, बखरी वाचल्या, माणसांना विचारले. त्याच्या ग्रंथात दोष आहेत, आणि नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ साली त्यांवर टीका करून मराठी इतिहाससंशोधनाचा पाया घातला. पण दोषांसह तो इतिहास आहे. हॉकलीने जे केले ते निराळे. त्याने मराठ्याच्या तोंडी आपलीच वाणी घातली. नुकत्याच जिंकलेल्या लोकांविषयी राज्यकर्त्याचे जे मत होते ते त्यांच्याच कबुलीजबाबाच्या रूपाने वाचकांपुढे ठेवले की त्याला पुराव्याची प्रतिष्ठा येते. ही युक्ती यशस्वी झाली. १८७३ साली या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिला प्रस्तावना लिहिली ती सर बार्टल फ्रिअर यांनी. हेच फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर असताना त्यांच्या हस्ते बोरघाटाच्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले होते. ज्या अधिकाऱ्याने मावळातून आगगाडी नेली त्यानेच पुढे इंग्रज वाचकास मराठ्यांची ओळख करून घेण्यासाठी अर्धशतकापूर्वीची कादंबरी हाती दिली. कादंबरी आणि कारभार यांतील अंतर त्या काळी किती थोडे होते, ते यावरून दिसून येते.

मेडोज टेलरचा विचार येथे थोडक्यात केला तरी चालेल. त्याची 'तारा' १८६३ मध्ये, म्हणजे घाटातून गाडी सुरू झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. १६५७, १७५७ व १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने मांडलेल्या तीन कादंबऱ्यांपैकी ती पहिली. हॉकलीपेक्षा टेलरची सहानुभूती कितीतरी अधिक आहे, आणि शिवकालातील मावळे इंग्रजी कादंबरीत प्रथम तिच्याद्वारे ठळकपणे आले. मात्र हे मावळे सतराव्या शतकातील आहेत. १८६३ मध्ये मावळात राहणारा मनुष्य त्याच्याही लेखणीस सुचलेला नाही.

तो मनुष्य त्या वेळी काय करीत होता, हे सरकारी आणि कंपनीच्या कागदांतून बऱ्याच तपशिलाने सांगता येते. बोरघाटातून चाकाच्या गाड्यांस योग्य असा रस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली खुला झाला होता. त्याआधीच १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम आणि १८२५ मध्ये बिशप हेबर हे कार्ल्याची लेणी पाहून गेले होते, आणि त्यांच्या प्रवासवर्णनांमुळे घाटाचे सृष्टिसौंदर्य इंग्रज वाचकांस परिचित झाले होते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८४९ साली तिच्याशी करार झाला. या करारातील एक कलम कादंबरीच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली. लोहमार्गाच्या उत्पन्नातून ते निघाले नाही तर हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावयाचे होते. डॅनिअल थॉर्नर यांनी १९५० साली या हमीपद्धतीचा इतिहास लिहिला, आणि पुढील संशोधनाने असे दाखविले की या समभागांचे धारक मोठे व्यापारी होते तसेच इंग्लंडातील विधवा, अविवाहित स्त्रिया, धर्मोपदेशक, निवृत्त अधिकारी असे स्थिर उत्पन्नाची गरज असलेले मध्यमवर्गीय लोकही होते.

हाच वर्ग व्हिक्टोरियन कादंबरीच्या पानोपानी वावरतो. एलिझाबेथ गॅस्केलच्या 'क्रॅनफर्ड' (१८५१-५३) मधील मिस मॅटी ही त्याची सर्वांत प्रेमळ प्रतिमा. तिचा पैसा एका स्थानिक पेढीत गुंतलेला असतो. पेढी बुडते आणि बिचारीवर चहा विकण्याची पाळी येते. तिला संकटातून सोडवितो तो हिंदुस्थानातून परत आलेला तिचा भाऊ पीटर. गॅस्केलचा स्वतःचा भाऊ जॉन हा १८२० नंतरच्या दशकात हिंदुस्थानच्या जलप्रवासावर निघून कायमचा बेपत्ता झाला होता. कादंबरीत तो परत येतो, हे वाचताना वाचकाचे मन हेलावल्यावाचून राहत नाही. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता मिस मॅटीसारख्या स्त्रियांना पीटरची वाट पाहण्याची गरज १८५० नंतर उरली नव्हती. पेढीतील पैसा काढून हमी असलेल्या हिंदी लोहमार्गाचे भाग घेतले की काम झाले. पेढी बुडू शकते. सरकारी हमी बुडत नाही. ती का बुडत नाही याचे उत्तर आंदर मावळातील भातखाचरांवर बसलेल्या साऱ्यात आहे. ज्या महसुलातून ही हमी पुरी केली जाई त्यात टाकव्याच्या कुळंब्याचाही पै-पैसा होता. क्रॅनफर्डच्या चहापानाच्या टेबलावर हा कुळंबी दिसत नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही नाही. परंतु त्या टेबलावरील लोणी-पावाचा हिशेब करणाऱ्याने त्याला वगळणे शास्त्रशुद्ध होणार नाही.

घाटातील काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे सोळा मैलांच्या अंतरात १,८३१ फूट चढावयाचे होते. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि चढाच्या मध्यावर गाडीचे तोंड फिरविण्याचे स्थानक अशी योजना जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याने आखली. रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला हा कुशल मनुष्य उद्घाटन पाहण्यास जगला नाही. १८६२ मध्ये तो इंग्लंडात वारला. पहिला कंत्राटदार विल्यम फेव्हिएल याने मुंबई-ठाणे मार्गाचे काम केलेले होते. दरम्यान खंडाळा-पुणे हा वरचा मार्ग १८५८ साली सुरू झाला, त्यामुळे पाच वर्षे प्रवाशांनी खाली गाडीतून उतरावे, खोपोलीहून डोली, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसावे, असा विचित्र क्रम चालू होता.

जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगा झाला. मजुरांची मजुरी पोटकंत्राटदारांकडे थकली होती. ती मागण्यासाठी जमलेल्या हजारो मजुरांनी युरोपीय मुकादमांवर हल्ला केला. चौकशी झाली, आणि फेव्हिएलने लौकरच कंत्राट सोडले. पुढील वर्षी, १८६० मध्ये, सार्वजनिक कामांवरील मजूर व मालक यांचे तंटे झटपट तोडण्यासाठी कायदा करण्यात आला. थकलेली मजुरी दंडाधिकाऱ्याकडे मागण्याची सोय त्यात होती, तशीच करार मोडून निघून जाणाऱ्या मजुरास शिक्षा देण्याचीही होती. या घटनेच्या चार वर्षे आधी गॅस्केलची 'नॉर्थ अँड साऊथ' (१८५४-५५) डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. तिच्यात मँचेस्टरच्या धर्तीवर कल्पिलेल्या मिल्टन शहरातील संप आहे, गिरणीमालक थॉर्न्टनच्या घरावर चालून आलेला जमाव आहे, आणि सैन्याला दिलेले बोलावणे आहे. मजुरीचा प्रश्न हा माणुसकीचा प्रश्न आहे, हे त्या कादंबरीने इंग्रज वाचकास पटवून दिले, यात संशय नाही. परंतु बोरघाटातील दंग्याला असा कादंबरीकार मिळाला नाही. हिगिन्स या गिरणीकामगाराचे घर, त्याची आजारी मुलगी, त्याचा करारी स्वभाव हे सर्व वाचकास ठाऊक आहे. घाटातील मजुरांपैकी एकाचेही घर कोणास ठाऊक नाही. आणि हे दोन मजूर एकमेकांपासून वाटतात तितके दूरचे नव्हते. दख्खनचा कापूस लँकेशायरला स्वस्तात मिळावा म्हणून मँचेस्टरच्या व्यापारी मंडळींनीच या लोहमार्गासाठी आग्रह धरला होता, आणि १८६१ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्धाने तिकडील कापूस बंद पाडल्यावर त्या आग्रहाची धार अधिकच वाढली. हिगिन्सच्या मागाला लागणारे सूत घाटातून खाली यावयाचे होते.

फेव्हिएलच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ च्या अखेरीस मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची विधवा अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. अॅडमसन व क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या हाती व्यवस्था देऊन तिने काम तडीस नेले. घाटाच्या कामाच्या छायाचित्रांचा एक संग्रहही तिच्या नावाशी निगडित आहे. 'नॉर्थ अँड साऊथ'च्या अखेरीस मार्गारेट हेल ही आपल्या वारशातील अठरा हजारांवर पौंड थॉर्न्टनच्या गिरणीत घालण्याचे सुचविते आणि त्या प्रसंगाचे पर्यवसान प्रेमात होते. अॅलिस ट्रेडवेलच्या कारभाराचे पर्यवसान पंचवीस बोगद्यांत झाले. व्हिक्टोरियन कादंबरीने स्त्रीला भांडवल दिले, पण एवढे मोठे बांधकाम तिच्या हाती सोपविण्याचे धैर्य तिच्या कोणाही थोर लेखकास झाले नाही. येथे वास्तव कल्पनेच्या पुढे गेले होते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

१८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी ४२,००० पर्यंत माणसे कामावर होती. त्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, मुले होती. मावळ व कोकणच्या आसपासच्या खेड्यांतून आणि दूरच्या जिल्ह्यांतून ती आली होती. पाऊस आला की काम मंदावे, माणसे शेताकडे जात, दसरा-दिवाळीनंतर पुन्हा नवी भरती होई. पटकी आणि ताप यांनी छावण्या ओस पडत. इयान केर यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी लोहमार्गांच्या बांधणीवरील ग्रंथात या मजुरांची जी माहिती एकत्र केली आहे ती वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. बोगद्याची लांबी यार्डात, कमानीचा गाळा फुटात, सुरुंगाच्या दारूचे वजन टनांत, सर्व काही नोंदलेले आहे. माणसे मात्र केवळ संख्येत आहेत. अभियंत्यांची नावे आहेत, कंत्राटदारांची आहेत. सुरुंग लावण्यासाठी कड्यावरून दोराने खाली सोडलेल्या मनुष्याचे नाव नाही.

डिकन्सची 'डॉम्बी अँड सन' (१८४६-४८) ही लोहमार्गाची कादंबरी म्हणून प्रसिद्ध आहे. लंडनच्या कॅम्डन टाऊन भागातील वस्ती खणून काढणारा लोहमार्ग आणि इंजिनावरील टूडल व त्याचे भले मोठे कुटुंब यांचे वर्णन डिकन्सने ज्या जिव्हाळ्याने केले आहे त्याला तोड नाही. त्याच कादंबरीत निवृत्त मेजर बॅगस्टॉक याचा एक हिंदी नोकर आहे. मेजर त्याला वस्तू फेकून मारतो, शिव्या देतो, आणि तो निमूटपणे सोसतो. त्याला नाव नाही. कादंबरीभर त्याला 'नेटिव्ह' एवढेच म्हटले आहे. डिकन्सचा उपहास मेजरवर आहे हे खरे, आणि अशा नोकराला कोणी नावाने हाक मारीत नसे हेच त्याला दाखवावयाचे असावे, असाही पक्ष मांडता येईल. परंतु टूडलच्या धाकट्या पोरालाही नाव देणाऱ्या लेखकाने येथे हात आखडता घेतला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. वडगावच्या रणातील शत्रूला मावळ्यांनी 'फाकडा' म्हटले, त्यास तोवर सुमारे सत्तर वर्षे झाली होती.

२१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. मराठी कादंबरीचा जन्म नेमका याच वर्षांतला. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. घाटात ४२,००० माणसे राबत होती त्या वर्षी मराठी वाचक अद्भुत राजकुलांतील विरहाच्या कथा आवडीने वाचीत होता. याबद्दल हळबे यांना बोल लावण्यात अर्थ नाही. नवा वाङ्मयप्रकार प्रथम रंजनाच्या वाटेने चालावा हे स्वाभाविक होते. शिवाय पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांतून जो इंग्रजी कादंबरीकार सर्वांत जास्त वाचला जाई तो डिकन्स वा थॅकरे नसून रेनल्ड्स होता, हेही ध्यानात ठेवावे. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' (१८८५) ही त्याच्याच छायेत लिहिली गेली. मराठी ऐतिहासिक कादंबरीवर स्कॉटचे ऋण आहे हे अभ्यासक नेहमी सांगतात, पण स्वतः स्कॉटने 'द सर्जन्स डॉटर' (१८२७) मधील हिंदुस्थान कर्नल फर्ग्युसन या परतलेल्या अधिकाऱ्याकडून उसना घेतला होता, हे सहसा सांगितले जात नाही.

आपटे यांचा जन्म १८६४ चा, म्हणजे घाटातील गाडीपेक्षा ते वर्षाने लहान. 'पण लक्षात कोण घेतो' (१८९०-९३) या त्यांच्या श्रेष्ठ सामाजिक कादंबरीत यमू आपल्या पतीबरोबर मुंबईस बिऱ्हाड करते, आणि तिच्या आयुष्यातील मोकळेपणाचे थोडे दिवस तेथेच जातात. सासर-माहेरच्या वाड्यातून निघून दोघांचेच घर करणे ही गोष्ट मुंबई पुण्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आल्यामुळे शक्य झाली. सुधारणेच्या कल्पनांना जसे मिल्ल आणि स्पेन्सर यांचे साहाय्य झाले, तसेच बोरघाटाचेही झाले. ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही. यमूच्या स्वातंत्र्याची वाट ज्यांनी सुरुंग लावून फोडली ते लोक तिच्याही कथेत येत नाहीत. त्यांना मराठी कादंबरीत यावयाचे होते ते 'उषःकाल' (१८९५-९७) सारख्या ऐतिहासिक कृतीत, हाती भाला घेतलेल्या मावळ्यांच्या रूपाने. टेलर आणि आपटे यांच्या दृष्टीत आकाशपाताळाचे अंतर आहे. एक परका प्रशंसक, दुसरा स्वत्व शोधणारा. तरीही मावळचा मनुष्य दोघांच्याही कादंबरीत सतराव्या शतकातूनच प्रवेश करतो.

विसाव्या शतकात साम्राज्याच्या अर्थकारणाने खोऱ्याच्या तोंडाशी न थांबता आत पाऊल टाकले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांच्या पाण्यावर टाटांच्या कंपनीने १९१५ पासून खोपोली येथून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यास आरंभ केला होता. १९१६ साली 'आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी' स्थापन झाली. तिचे नाव वाचून अनेकांना ती तेलुगु प्रदेशातील असावी असे वाटते. इंग्रजी लेखनात आंदर मावळाचे झालेले हे रूप आहे. ठोकरवाडी येथे आंद्रेवर धरण बांधून पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या कड्यापलीकडे नेण्यात आले आणि १९२२ मध्ये भिवपुरीच्या वीजगृहातून मुंबईस वीज जाऊ लागली. कुसूर घाटाने माणसे आणि बैल ज्या दिशेने कोकणात उतरत त्याच दिशेने आता खोऱ्याचे पाणी उतरू लागले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात अशाच प्रकल्पाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, आणि त्यामुळे मुळशीचे नाव राष्ट्रीय इतिहासात गेले. आंदर मावळातील जमिनी त्याआधीच पाण्याखाली गेल्या होत्या.

मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही मुंबईच्या गिरणी-कामगारांवरील कादंबरी १९३३ ची. गॅस्केलच्या मिल्टनमध्ये माग वाफेवर चालत. वरेरकरांच्या काळात मुंबईच्या अनेक गिरण्यांतील माग घाटमाथ्यावरून आलेल्या विजेवर चालत होते. त्या मागांवर उभे राहण्यासाठी घाटावरून उतरलेल्या माणसांना मुंबईत 'घाटी' असे सरसकट नाव होते.